रिले दाराच्या कोणत्या बाजूला? विद्युत कुलपांच्या वायरिंगची पार्श्वभूमी

कार्यालयाच्या काचेच्या दारावरचे फॉल्स सीलिंग उघडले की कुलूप, कार्ड वाचणारा रीडर आणि आतून दार उघडण्याचा एक्झिट स्विच यांच्या केबल दार उघडायचे की नाही ते ठरवणाऱ्या एका कंट्रोल पॅनलकडे जाताना दिसतात. त्या एकाच दिवशी ओढलेल्या असल्या तरी त्यांच्या जोडणीचे नियम निरनिराळ्या काळांत घडले आहेत. ही पार्श्वभूमी माहीत नसल्यामुळे अनेक ठिकाणी दार रोज व्यवस्थित उघडते आणि तरीही त्याची जोडणी चुकलेली असते.

सर्वांत जुना वारसा दारावरच्या बेलचा आहे. शहरांत बहुमजली इमारती वाढल्यावर खालचे दार वरच्या घरातून उघडण्याची सोय हवी झाली आणि चौकटीतच बसणारा इलेक्ट्रिक स्ट्राइक वापरात आला. कुलपाची जीभ ज्या खाचेत अडकते, त्या खाचेची एक बाजू विजेने सैल करायची, एवढीच त्याची युक्ती होती. बेलच्या ट्रान्सफॉर्मरवरच तो चालत असल्याने त्यात एसी प्रवाह असे आणि दार उघडताना येणारा गुरगुराट हा त्या प्रवाहाच्या उलटसुलट होण्याचा आवाज असे. वीज दिली की उघडा आणि नसली की बंद, असे हे कुलूप मुळातच फेल-सिक्युअर होते. आतल्या माणसाला मात्र हँडल फिरवून केव्हाही बाहेर पडता येई आणि त्यामुळे वीज गेल्यावर आतल्यांचे काय होईल, हा प्रश्न तेव्हा फारसा उद्भवला नाही.

तो प्रश्न आगीने विचारला. न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या 25 मार्च 1911 च्या आगीत 146 कामगार गेले, आणि बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते, ही बाब त्यानंतरच्या सुटकामार्गांच्या नियमांमागे कायम राहिली. पुढे 1969 साली मॉन्ट्रियल फोरम या कॅनडातील बंदिस्त क्रीडागृहाच्या दारांबद्दल स्थानिक अधिकाऱ्यांनी आगीच्या दृष्टीने शंका काढल्या, तेव्हा सम्नर सॅफरस्टीन यांनी थेट ओढीवर चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप तयार केले. आपल्याकडचा ईएम लॉक तो हाच. चौकटीवर चुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी, हलणारा भाग एकही नाही. वीज गेली की पकड गेली, म्हणजे हे कुलूप स्वभावतःच फेल-सेफ.

यामुळे वायरिंगची दिशाच फिरली. स्ट्राइकला वीज रिलेच्या, म्हणजे पॅनलच्या हुकमावर चालणाऱ्या विद्युत स्विचच्या, एनओ (एरवी उघड्या) टोकातून द्यावी लागते, तर ईएम लॉकला कॉमन (सामाईक) आणि एनसी (एरवी जोडलेल्या) टोकांतून; पॅनलने रिले ओढला की पुरवठा तुटतो आणि दार सुटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे काच फोडून दाबायचा आपत्कालीन स्विच आणि आगीची सूचना देणाऱ्या फायर पॅनलचा रिले हे कुलपाच्या पुरवठ्यातच सिरीजमध्ये, म्हणजे विजेच्या वाटेतच, यायला हवेत. कित्येक ठिकाणी हे दोन्ही फक्त कंट्रोल पॅनलच्या इनपुटला जोडून काम उरकले जाते. असे केले की पॅनलचा प्रोसेसर अडकताच सुटकेचे बटण निव्वळ शोभेचे उरते, आणि ज्या कारणासाठी हे कुलूप जन्माला आले तेच कारण वायरिंगमधून गळून पडते.

लोखंडी पट्टीही रबरी वॉशरवर थोडी हलती ठेवायची असते; नीट बसावी म्हणून बोल्ट करकचून आवळला की ती चुंबकाला सपाट टेकत नाही आणि पकड घटते. तारेच्या जाडीचा हिशोबही बेलच्या काळात नव्हता. 12 व्होल्टवर अर्धा अँपिअर घेणारे कुलूप 0.5 चौरस मिलिमीटरच्या तारेने 50 मीटरवर नेले, तर जाऊन-येऊन 100 मीटर तारेत सुमारे 1.8 व्होल्ट खर्ची पडतात आणि कुलपापाशी जेमतेम 10.2 उरतात. शिवाय कॉइलचा प्रवाह तोडताच उलटा दाब उसळतो आणि रिलेचे संपर्क हळूहळू जळतात. म्हणून डीसी कुलपाच्या टोकांवर डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, त्यावरचा पट्टा धन बाजूला ठेवून लावायचा असतो. तो पॅनलपाशी न लावता कुलपापाशीच लावावा.

रीडरच्या तारांची कथा वेगळी आहे. जॉन वीगँड यांनी विशिष्ट मिश्रधातूच्या तारेला पीळ देऊन अशी तार घडवली, की चुंबकीय क्षेत्रातून जाताना ती एकदम ध्रुव बदलते आणि जवळच्या कॉइलमध्ये ठसठशीत स्पंद उमटतो. अशा तारांचे बारीक तुकडे कार्डात दोन ओळींत पुरलेले असत, एक ओळ शून्यांची आणि दुसरी एकांची. डेटा-0 आणि डेटा-1 अशा दोन स्वतंत्र तारांची पद्धत तिथूनच आली. 26 बिटांच्या रूढ मांडणीत 8 बिट जागेच्या क्रमांकाला, 16 कार्डाला आणि 2 पॅरिटीला, म्हणजे चूक पकडणाऱ्या तपासणीला, असतात. म्हणजे एका जागेला जास्तीत जास्त 65,535 क्रमांक. हिरवी (डेटा-0) आणि पांढरी (डेटा-1) तार चुकून उलटी लागली, तर सगळे बिट उलटतात आणि दोन्ही पॅरिटी फसतात. रीडर बीप देतो, दार मात्र उघडत नाही.

चार्ल्स वॉल्टन यांच्या 1973 च्या पेटंटापासून बिनस्पर्शी कार्डे येत गेली आणि तार पुरलेली कार्डे मागे पडली, पण पॅनलना तीच भाषा समजत असल्याने नवे रीडरही वीगँडचेच स्पंद पाठवत राहिले. या भाषेत सांकेतिकरण (एन्क्रिप्शन) नाही आणि पॅनलला रीडर जिवंत आहे का, हेही विचारता येत नाही. रीडर भिंतीवरून काढून मागच्या तारांना छोटे यंत्र जोडले की येणारा प्रत्येक क्रमांक टिपता येतो.

भारतात बोटाच्या ठशांची हजेरी यंत्रे पसरली तेव्हा याहून मोठी पळवाट रूढ झाली. त्या यंत्रांत कुलपाचा रिलेही आतच असतो आणि यंत्र बसते दाराबाहेर. ते उघडून कुलपाच्या दोन तारा गाठल्या, की ठसा, कार्ड, सॉफ्टवेअर या कशाचीच गरज उरत नाही. रिले सुरक्षित बाजूच्या पॅनलमध्येच हवा, हा जुना दंडक स्वस्ताईसाठी मोडला गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीडर आणि पॅनलमधल्या वीगँडच्या दुबळ्या दुव्यावरचा उपाय म्हणजे ओएसडीपी हा प्रोटोकॉल. तो आरएस-485 या जोडणीच्या पद्धतीच्या दोन तारांवर चालतो, पॅनल आणि रीडर दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि केबल तुटली किंवा रीडर काढला तर पॅनलला लगेच कळते. वीगँडची साधारण 150 मीटरची मर्यादाही इथे 1,200 मीटरपर्यंत जाते. 2020 साली हा प्रोटोकॉल आयईसी 60839-11-5 या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. जुन्या जागी बहुधा आहे त्याच केबलवर तो चालवला जातो. त्या केबलमध्ये पीळ दिलेली जोडी नसल्यास लांब अंतरावर संदेश गळतात. त्यातले 128 बिटांचे सांकेतिकरण सुरक्षित वाहिनी चालू केली तरच लागू होते, आणि रीडर पहिल्यांदा जोडताना वापरायची मूळ किल्ली मानकात छापलेली, म्हणजे सर्वांना ठाऊक असते. ती बदलून इन्स्टॉलेशन मोड (पहिल्या जोडणीची अवस्था) बंद केल्याशिवाय रीडरचे काम पूर्ण झाले असे धरता येत नाही.