ग्रँट यांचं अर्धंच वाक्य

‘दक्षिणेत दर शरदात उसळणाऱ्या या दंगलींना सगळी जनता कंटाळली आहे.’ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसीस ग्रँट यांनी १८७५मध्ये एवढं म्हणून दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यातल्या कृष्णवर्णीयांना वाऱ्यावर सोडलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे.

४ सप्टेंबर १८७५ रोजी मिसिसिपीतल्या क्लिंटन गावात हिंसाचार सुरू झाला, पुढे कित्येक कृष्णवर्णीय मारले गेले. राज्याचे गव्हर्नर ॲडेलबर्ट एम्स यांनी केंद्राकडे सैन्य मागितलं. त्यांना उत्तर आलं ते ॲटर्नी जनरल एडवर्ड्स पिअरपॉन्ट यांचं. ग्रँट यांचे ते शब्द त्यात उद्धृत होते, सोबत सल्ला होता : आधी राज्याची ताकद वापरा.

पण ग्रँट यांनी पुढे लिहिलं होतं की (दंगेखोरांना पांगण्याचा हुकूम देणारा) जाहीरनामा न काढता शांतता आली तर उत्तमच. न आल्यास जाहीरनामा काढावाच लागेल, आणि मग सेनापतीला पोरखेळ चालणार नाही अशी ताकीद देईन. हा भाग उद्धृत करताना सर्रास गाळला जातो, आणि मला तो अन्याय वाटतो.

अर्थात ग्रँट निर्दोष ठरत नाहीत. जाहीरनामा निघालाच नाही. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या निवडणुकीत धाकदपटशाच्या जोरावर डेमोक्रॅट, म्हणजे तेव्हाचा दक्षिणेतल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा पक्ष, जिंकले. मार्च १८७६मध्ये, महाभियोगाच्या सावटाखाली, एम्स यांनी राजीनामा दिला.