तोडणीचा सुरा (पातळ घासणीचा)

घाव घालून लाकूड, दोर किंवा फांदी तोडण्यासाठी घडवलेल्या लांब पात्याच्या सुऱ्याला अमेरिकेत ‘चॉपर’ म्हणतात. त्यातले काही सुरे कारागीर एकेका गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने बनवतात आणि त्यांचे पाते पाठीपासून धारेपर्यंत नेहमीपेक्षा बरेच पातळ घासतात. असा सुरा थोड्या श्रमात खोल जातो, पण चुकीचा घाव सोसत नाही. जाड सुरा नवख्याच्या चुका पोटात घालतो. पातळ सुऱ्यात ती जबाबदारी पोलादाकडून हाताकडे येते, म्हणून या सुऱ्याचा विचार तो चालवणाऱ्याला वगळून करता येत नाही.

या सुऱ्यांचे माप दोन ठिकाणी ठरत गेले. विल्यम मोरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये स्थापन केलेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी होतकरू लोहाराची परीक्षा घेते. त्याने स्वतः घडवलेल्या सुऱ्याने एक इंच जाडीचा, नुसता लोंबता दोर एका घावात तोडायचा, मग ‘टू बाय फोर’ नावाची इमारती लाकडाची पट्टी दोनदा आरपार तोडायची, आणि धारेच्या ज्या भागाने लाकूड तोडले त्याच भागाने हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते शेगड्यात (लोखंडी पकडीत, म्हणजे ‘व्हाइस’मध्ये) धरून 90 अंशांत वाकवतात. ते मोडता कामा नये. नावात दोन आणि चार इंच असले, तरी रंधलेली पट्टी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांची (सु. 38 × 89 मिमी.) असते. दुसरे ठिकाण तोडणीच्या स्पर्धांचे. तिथे पाते जास्तीत जास्त 10 इंच (सु. 25 सेंमी.), रुंदी 2 इंच (सु. 5 सेंमी.) आणि एकूण लांबी 15 इंच (सु. 38 सेंमी.) अशी मर्यादा प्रचलित आहे. लाकूड, लोंबता दोर, पाण्याच्या बाटल्या, टेनिसचे चेंडू, पेयाच्या नळ्या हे सगळे एकाच सुऱ्याने, मध्ये धार न लावता कापायचे असते.

पातळपणा कुठे मोजायचा हे इथे महत्त्वाचे आहे. पाठ 6 मिमी. जाड असूनही सुरा ‘पातळ’ असू शकतो, कारण खरा प्रश्न धारेच्या लगेच मागे पाते किती जाड आहे हा असतो. समजा, 50 मिमी. रुंदीचे पाते पाठीपासून सपाट उताराने घासत आणले आणि धारेमागे अर्धा मिलिमीटर जाडी ठेवली. लाकडात 10 मिमी. शिरल्यावर त्या पात्याची जाडी सुमारे 1.6 मिमी. भरते. तेच पाते अर्ध्या रुंदीपासून घासून धारेमागे 1 मिमी. ठेवले, तर त्याच खोलीवर जाडी 3 मिमी. होते. ही वाढीव जाडी लाकडाला बाजूला रेटत बसते आणि घावाचा जोर तिथेच संपतो.

याची किंमत मोजावी लागते. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी केली की बाजूने येणाऱ्या रेट्याला विरोध करण्याची ताकद आठव्या हिश्शावर येते. त्यामुळे धार वळते, किंवा पोलाद फार कडक असेल तर तिला खांडे पडतात. स्पर्धक ‘सीपीएम एम-4’सारखी, भुकटीपासून बनवलेली हत्यारी पोलादे पसंत करतात, कारण त्यांत कडकपणाबरोबर चिवटपणाही बराच टिकतो. परीक्षेच्या सुऱ्याची गरज वेगळी असते. त्याला वाकायचे असते, म्हणून लोहार धार कडक ठेवून पाठ मऊ करतात. पण पोलाद कोणतेही असो, पाणी देताना (तापवून एकदम थंड करून कडक करताना) चूक झाली तर पातळ धारेवर ती आधी दिसते.

आपल्याकडे उसाच्या फडात कोयता आणि सरपणाला कुऱ्हाड, ही विभागणी याच कारणाने झालेली आहे. पातळ धारेने कडक लाकूड तोडायचे, तर ती उणीव हाताने भरून काढावी लागते.

ते कौशल्य मुख्यतः सरळपणाचे आहे. पाते ज्या प्रतलात फिरते, त्याच प्रतलात धार लाकडाला भिडली पाहिजे. मनगट थोडे जरी वळले, तरी पाते घसरते किंवा बाजूचा रेटा धारेवर येतो. लाकडावर घाव लंब घालत नाहीत. धाग्याला तिरपा, साधारण 45 अंशांत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून घालतात. म्हणजे मधली ढलपी उडते आणि खाच मोकळी राहते. नवखा माणूस अडकलेली ढलपी पाते पिळून काढू पाहतो. पातळ धारेचे सर्वांत जास्त नुकसान याच क्षणी होते. पाते ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत ओढायचे. गाठ दिसली, तर तिच्या शेजारून वाट काढायची.

जोरापेक्षा वेग महत्त्वाचा, कारण वेग दुप्पट झाला की घावाची ऊर्जा चौपट होते. म्हणून मूठ आवळून धरत नाहीत: अंगठा आणि तर्जनी पकड सांभाळतात, बाकीची बोटे घाव लागण्याच्या क्षणी मिटतात. लोंबता दोर हा वेगाची कसोटी पाहतो, कारण त्याला मागून आधार नसतो आणि हळू घावापुढे तो नुसता झुलतो. बाटली सरळपणाची कसोटी पाहते. घाव स्वच्छ असेल तर खालचा अर्धा भाग पाण्यासह जागीच उभा राहतो, आणि हे पाहिल्याशिवाय पटत नाही. सैल पकडीमुळे सुरा निसटू शकतो, म्हणून मुठीतल्या भोकातून ओवलेली दोरी हाताला अडकवतात. घाव चुकला तर पाते कुठे जाईल, हे आधी पाहूनच पाय ठेवतात.

धार लावत गेले की पाते झिजून धार वर सरकते आणि दर मिलिमीटरमागे ती साधारण एक दशांश मिलिमीटर जाड भागात पोचते. सुरा पाजवलेला असूनही जड चालू लागला, तर तो पुन्हा कारागिराकडे नेऊन, पात्याच्या गालांवरून घासून, मूळ पातळपणावर आणतात.