शोधनिकालातला पत्ता कोणाच्या उपयोगाचा?

संस्थेच्या पोर्टलवर परिपत्रक शोधलं, यादीत ते सगळ्यात वर आलं, आणि क्लिक केल्यावर पान उघडलंच नाही. अशा वेळी राग शोधयंत्रणेवर निघतो. पण तिने कागद बरोबर शोधलेला असतो. चुकतो तो त्याचा पत्ता.

शोध घेताना यंत्रणा कागदपत्रं नव्याने वाचत नाही. क्रॉलर नावाचा प्रोग्राम ती आधीच वाचून इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठीच्या सूचीत, नोंदवून ठेवतो आणि नोंदीत पत्ता टाकतो तो स्वतः वापरलेला. क्रॉलर चालतो आतल्या नेटवर्कमध्ये. तिथे सर्व्हरचं छोटं अंतर्गत नाव चालतं, सामायिक फोल्डरचा मार्गही चालतो. बाहेरून काम करणाऱ्याच्या ब्राउझरला मात्र त्या नावाचा सर्व्हर सापडत नाही, कारण बाहेरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या यंत्रणेत, त्याची नोंदच नसते.

शेअरपॉइंट सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या पोर्टल-सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘सर्व्हर नेम मॅपिंग’ ही सोय आहे. इंडेक्समधला पत्ता आणि निकालात दाखवायचा पत्ता अशी जोडी प्रशासक भरतो. गोपनीय ठेवायचं सर्व्हरचं नावही असं झाकता येतं. मात्र नव्या पत्त्यावर ती फाइल देणारा वेब सर्व्हर खरोखर असावा लागतो. नुसतं नाव बदलून दार उघडत नाही.

पोर्टलच्या स्वतःच्या पानांसाठी ‘अल्टरनेट अ‍ॅक्सेस मॅपिंग’ जास्त योग्य. एकाच साइटला डीफॉल्ट, इंट्रानेट, इंटरनेट, एक्स्ट्रानेट आणि कस्टम अशा ५ झोनमध्ये, म्हणजे साइटवर येण्याच्या ५ वाटांवर, वेगवेगळे पत्ते देता येतात. माणूस ज्या झोनमधून आला, त्याच झोनचा पत्ता त्याला निकालात दिसतो. अट एकच, आणि नेमकी तीच विसरली जाते: क्रॉल डीफॉल्ट झोनच्या पत्त्यावरून व्हायला हवा. दुसऱ्या झोनवरून केला, तर सगळ्यांना त्याच झोनचे पत्ते दिसतात.

पत्ता बदलल्याने कोणाचे अधिकार बदलत नाहीत. कोणाला काय दाखवायचं हे कागदपत्राच्या परवानगीवरूनच ठरतं. म्हणून मॅपिंगची चाचणी प्रशासकाच्या खात्यातून, सर्व्हरवरच बसून करण्यात अर्थ नाही; तिथून बहुतेक सगळं उघडतं. ती साध्या खात्यातून आणि बाहेरच्या नेटवर्कवरून करावी.