बाटल्या पळाल्या, मोटारसायकल बोलली : सिएटलच्या रेनिअर बिअरच्या जुन्या जाहिरातींची गोष्ट

सरळ, रिकामा रस्ता. समोर क्षितिजावर बर्फाने झाकलेला अवाढव्य डोंगर. एक मोटारसायकल कॅमेऱ्याजवळून सुटते आणि त्या डोंगराच्या रोखाने लांब लांब जाते. स्वार गिअर बदलतो तसा इंजिनाचा सूर बदलतो, आणि कान देऊन ऐकलं तर त्या घरघरीत चक्क शब्द उमटतात : ‘रेऽऽऽऽ... नीऽऽऽऽअर... बीऽऽऽऽअर.’ बिअर कशी लागते, कशापासून बनते, किती ताजी आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

सिएटलला राहायला आलो त्या वर्षी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने हा आवाज तोंडाने काढून दाखवला. त्याने पहिला गिअर टाकला आणि टेबलाभोवतीच्या तिघांनी पुढचे दोन टाकले, अगदी एका सुरात. पन्नाशी उलटलेली माणसं, पण चेहरे शाळकरी पोरांसारखे खुललेले. आम्ही बाहेरून आलेले नुसते बघत राहिलो. एका बिअरच्या जाहिरातीत इतकं काय आहे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. त्याचं उत्तर शोधताना बरंच मागे जावं लागतं, आणि सुरुवात बिअरपासून नव्हे, त्या डोंगरापासून करावी लागते.

माउंट रेनिअर ४,३९२ मीटर उंच आहे. सिएटलहून तो शंभरेक किलोमीटर दूर, पण हवा स्वच्छ असली की शहराच्या दक्षिणेला असा उभा राहतो की हात लांबवला तर लागेल. वर्षातले कितीतरी दिवस तो ढगांत गडप असतो. म्हणून तो दिसला की लोक एकमेकांना आवर्जून सांगतात, ‘आज डोंगर बाहेर आलाय.’ नाव उच्चारायची गरज नाही, इथे ‘डोंगर’ म्हणजे तोच. इथल्या मूळ रहिवाशांचं त्याचं नाव ताहोमा. १७९२ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर हा इंग्रज दर्यावर्दी या किनाऱ्यावर आला आणि त्याने आपला मित्र पीटर रेनिअर याचं नाव डोंगराला देऊन टाकलं. हा रेनिअर पुढे हिंदी महासागरातल्या ब्रिटिश आरमाराचा प्रमुख झाला. त्याची कारकीर्द आपल्याकडच्या पाण्यात गाजली, डोंगर मात्र त्याने कधी पाहिला नाही. नावावरून पुढे सिएटल आणि शेजारचं टाकोमा या दोन शहरांत अनेक वर्षं भांडण चाललं. टाकोमावाल्यांना डोंगराला आपल्या शहराचं नाव हवं होतं. १८९० मध्ये सरकारी मंडळाने ‘रेनिअर’वर शिक्कामोर्तब केलं, तरी टाकोमाची खुमखुमी जिरायला आणखी काही दशकं गेली.

म्हणजे बिअरला हे नाव मिळालं तेव्हाच त्याच्यावर एका शहराचा हक्क आणि अभिमान चिकटलेला होता.

बिअरचा कारखाना १९व्या शतकाच्या उत्तरार्धातला. अँड्र्यू हेमरिक याने १८८३ मध्ये सिएटलच्या दक्षिण भागात बे व्ह्यू ब्रूअरी काढली. १८९३ मध्ये ती आणि आणखी दोन कारखाने एकत्र येऊन सिएटल ब्रूइंग अँड मॉल्टिंग कंपनी उभी राहिली आणि रेनिअर हा तिचा मुख्य ब्रँड झाला. धंदा जोरात होता. मग सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे तिथे १ जानेवारी १९१६ रोजी दारूबंदी आली, देशव्यापी दारूबंदीच्या चार वर्षं आधीच. कारखाने बंद पडले आणि रेनिअरचं नाव कॅलिफोर्नियात गेलं.

ते परत आणलं एमिल सिक याने. बाप फ्रिट्झ याचे कॅनडात बिअरचे कारखाने होते. १९३३ मध्ये दारूबंदी उठली तेव्हा एमिलने सिएटलची जुनी बे व्ह्यू ब्रूअरी दुरुस्त करून चालू केली आणि काही वर्षांत रेनिअर नावाचे हक्कही मिळवले. पुढे त्याने जे केलं ते माझ्या मते सगळ्या टीव्ही जाहिरातींच्या आधीची, खरी पहिली जाहिरात आहे. शहराची बेसबॉल टीम डबघाईला आली होती, ती त्याने विकत घेतली, तिचं नाव सिएटल रेनिअर्स ठेवलं आणि १९३८ मध्ये तिच्यासाठी नवं स्टेडियम बांधलं.

त्याच हंगामात फ्रेड हचिन्सन नावाचा सिएटलमध्येच वाढलेला पोरगा या टीमकडून गोलंदाजी करत होता. १२ ऑगस्ट १९३८ ला, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, त्याने मोसमातला एकोणिसावा सामना जिंकून दिला. हंगाम संपेपर्यंत आकडा २५ वर गेला होता. आपल्याकडे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांना सिएटलचं ‘फ्रेड हच’ केंद्र ठाऊक असतं. ते याच हचिन्सनच्या नावाने, त्याच्या डॉक्टर भावाने उभं केलं. फ्रेड स्वतः कॅन्सरनेच गेला होता. गावच्या मैदानावर गावचा मुलगा आणि त्याच्या छातीवर डोंगराचं आणि बिअरचं एकच नाव, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या घरात रेनिअर ही आपल्या घरची गोष्ट झाली.

१९५० च्या दशकात कारखान्याच्या छपरावर लाल रंगाचा, वळणदार ‘आर’ चढला. खालून हमरस्ता जातो, आज त्याला इंटरस्टेट फाइव्ह म्हणतात. दक्षिणेकडून सिएटलमध्ये शिरणाऱ्या माणसाला तो लाल ‘आर’ दिसला की घर जवळ आलं हे कळायचं.

आता १९७० च्या दशकाकडे येऊ. जाहिराती ज्या मातीत उगवल्या ती माती नीट बघितली पाहिजे. सिएटल तेव्हा आजच्यासारखं श्रीमंत शहर नव्हतं. सगळं बोइंगवर चालायचं, आणि बोइंगने सिएटल परिसरातली नोकरांची संख्या तीनेक वर्षांत सुमारे एक लाखावरून चाळीस हजारांच्या खाली आणली. घरं ओस पडली, माणसं गाड्या भरून निघून गेली. १९७१ मध्ये विमानतळाजवळ एक फलक लागला होता : सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावं. हा फलक इथे आजही सर्वांना पाठ आहे.

बिअरच्या धंद्यातही वारं उलटं होतं. बडवायझर आणि मिलर या दोन बड्या कंपन्या देशभर एकच जाहिरात, एकच बाटली घेऊन उतरल्या होत्या. प्रांतोप्रांतीच्या छोट्या ब्रूअऱ्या एकेक करून गळत होत्या. टाकोमाची हायडलबर्ग १९७९ मध्ये बंद झाली. रेनिअरकडे त्यांच्याइतका पैसा नव्हता. ती फक्त एकच गोष्ट करू शकत होती जी सेंट लुईस किंवा मिलवॉकीत, म्हणजे या बड्या कंपन्यांच्या गावी, बसलेल्यांना जमणार नव्हती : इथल्या माणसांशी इथलं बोलणं.

हे ओळखलं टेरी हेक्लर आणि गॉर्डन बाउकर यांच्या छोट्याशा एजन्सीने. बाउकरने दोन मित्रांबरोबर १९७१ मध्ये पाइक प्लेस मार्केटजवळ कॉफीच्या बियांचं दुकान काढलं होतं. त्या दुकानाचं नाव स्टारबक्स, आणि त्याची ती जलपरी हेक्लरने काढलेली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडहूक ही ब्रूअरी काढण्यातही बाउकर होता. सिएटलची म्हणून जी ओळख आज जग मानतं, तिचा बराचसा भाग या दोघांच्या टेबलावर घडला, आणि रेनिअरच्या जाहिराती त्याच टेबलावरच्या.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून दहा-बारा वर्षं या जाहिराती चालल्या. सगळ्यांत लाडक्या ठरल्या ‘जंगली रेनिअर’. माणसाच्या उंचीच्या बिअरच्या बाटल्या, खाली दोन उघडे पाय. या बाटल्या देवदारांच्या जंगलातून कळपाने पळतात. निसर्गावरच्या माहितीपटातल्यासारखा गंभीर आवाज त्यांच्याबद्दल माहिती देतो, आणि शिकारी त्यांच्या मागावर असतात. एकदा तर स्पेनमध्ये बैल मोकळे सोडतात तशा या बाटल्या रस्त्यावरून धावल्या. मिकी रूनीसारखा हॉलिवूडचा मुरलेला नट या जाहिरातींत मनापासून रमला. आणखी एका जाहिरातीत तळ्यातले बेडूक रात्रीच्या अंधारात बिअरचं नाव डरावत होते. बडवायझरचे बेडूक देशभर गाजले ते १९९५ मध्ये. ती गोष्ट निघाली की सिएटलकर अजूनही चिडून सांगतात, आमचे बेडूक आधीचे.

या जाहिराती ओळीने बसून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांत दाखवलेलं जवळजवळ सगळं लोकांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. ओलं जंगल, शेवाळ, शिकारीचे चौकटीचे शर्ट, बेडकांचं तळं, ढगाबाहेर आलेला डोंगर. रेनिअरने त्यात स्वतःचं काही भरलं नाही. तिथे आधीच असलेल्या आवाजांना फक्त आपलं नाव उच्चारायला लावलं. मोटारसायकल तर रोज दारावरून जायची, बेडूक तर रोज रात्री ओरडायचे. त्यामुळे जाहिरात टीव्हीवर संपली तरी घराबाहेर चालूच राहायची. पोरं सायकल चालवताना तोंडाने तोच आवाज काढायची. ज्या शहराला नुकतंच ‘दिवे मालवून जा’ म्हटलं गेलं होतं, त्याला कोणीतरी त्याच्याच पावसाचं आणि जंगलाचं कौतुक करून दाखवत होतं. लोकांनी ते उराशी धरलं यात मला नवल वाटत नाही.

मराठी वाचकाला हे सगळं थोडं परकं वाटेल. आपल्याकडे केबल टीव्हीच्या नियमांनी दारूच्या जाहिरातींना मनाई केली. बिअरच्या कंपन्या सोडावॉटर आणि कॅलेंडरच्या आडून नाव दाखवत राहिल्या. आपली टीव्हीवरची ओढ दंतमंजनाच्या आणि धुण्याच्या पावडरीच्या गाण्यांशी जोडलेली आहे. पण ती गाणी साऱ्या देशाची होती. एकाच मुलखापुरती, त्या मुलखाबाहेर कोणाला कळणारही नाही अशी जाहिरात असणं, आणि ती कळते म्हणून आपण इथले ठरणं, हा अनुभव वेगळा आहे. आमच्या टेबलावर त्या दिवशी जे घडलं ते हेच होतं.

या कथेतला सगळ्यांत बोचरा भाग मालकीचा आहे. १९७७ मध्येच रेनिअर विस्कॉन्सिनच्या हायलमन कंपनीने विकत घेतली होती. म्हणजे जाहिरातींच्या ऐन भरात, सिएटल ज्या बिअरला ‘आपली’ म्हणत होतं तिची मालकी तीन हजार किलोमीटर लांब गेलेली होती. १९८७ मध्ये हायलमनच ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलन बाँडच्या हातात गेली. पुढे दिवाळखोरी, मग १९९६ मध्ये डेट्रॉइटची स्ट्रो कंपनी. १९९९ मध्ये स्ट्रोने धंदा गुंडाळला, ब्रँड पॅब्स्ट या दुसऱ्या बिअर कंपनीकडे गेला आणि सिएटलचा कारखाना बंद झाला. काही वर्षं बिअर जवळच्या टमवॉटरमध्ये, ओलिंपिया या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यात बनली. २००३ मध्ये तोही बंद पडल्यावर उत्पादन कॅलिफोर्नियात गेलं, दारूबंदीच्या काळात नाव गेलं होतं तसंच. डब्यावर डोंगर तेवढा राहिला.

छपरावरचा ‘आर’ २००० मध्ये उतरला. इमारतीत टलीज ही कॉफी कंपनी आली होती, तिने तिथे हिरवा ‘टी’ बसवला. जुना ‘आर’ शहराच्या इतिहास आणि उद्योग संग्रहालयाला दिला गेला. हा बदल लोकांना किती खुपला हे आजही इथे कोणालाही विचारून बघा. हिरव्या ‘टी’ने कोणाचं काही वाईट केलं नव्हतं, कॉफीही सिएटलचीच होती. पण रात्री हमरस्त्यावरून घरी येताना डोळे ज्या लाल खुणेला शोधायचे, ती जागा रिकामीच वाटायची.

जाहिराती मात्र हाती राहिल्या. घरोघरीच्या व्हिडिओ कॅसेटवर कार्यक्रमांच्या अधेमधे त्या रेकॉर्ड झालेल्या होत्या, तिथून त्या बाहेर आल्या, एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. सिएटलच्या बारमध्ये तरुण मुलं आज रेनिअरला लाडाने ‘व्हिटॅमिन आर’ म्हणतात. टाकोमाच्या बेसबॉल टीमचं नाव रेनिअर्स आहे, ज्या टाकोमाने त्या नावाविरुद्ध एवढा लढा दिला त्याच टाकोमाच्या. २०२४ मध्ये या जाहिरातींवर पूर्ण लांबीचा माहितीपट आला, आणि तो पाहायला आजीआजोबा नातवंडांना घेऊन गेले असं आमच्या ऑफिसातल्याच एकीने सांगितलं.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या कारखान्याच्या छपरावर नवा लाल ‘आर’ बसला, जुन्याबरहुकूम बनवलेला. आत आता बिअर शिजत नाही. खरा, पहिला ‘आर’ लेक युनियनच्या काठावर संग्रहालयात आहे. तो इतका मोठा आहे की त्याच्या खाली उभं राहिलं की मान पूर्ण मागे टाकावी लागते. मागच्या हिवाळ्यात मी तिथे गेलो तेव्हा सत्तरीचे एक गृहस्थ शेजारी उभे होते. बराच वेळ वर बघत राहिले, मग कोणालाही उद्देशून नाही असं हळूच, पहिल्या गिअरपासून सुरू झाले.