झिजलेली पिन आणि डावा हात

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या कारखान्यात, काही वर्षांपूर्वी ३० टनी प्रेसवर मला सायकलच्या ट्यूबची पट्टी दिसली. प्रेसला दोन हिरवी बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही दाबल्याशिवाय रॅम, प्रेसचा वरून आदळणारा जड भाग, खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बटणांवर आणि डायमध्ये, खालच्या साच्यात, एकही नाही, असा त्यामागचा साधा हिशोब. पण डाव्या बटणावर ती काळी पट्टी करकचून आवळलेली. बटण कायमचं दाबलेलं. ऑपरेटर उजव्या हाताने दुसरं बटण दाबायचा आणि डावा हात थेट डायपाशी.

सुपरवायझर म्हणाला, "साहेब, कितीदा सांगितलं. ऐकतच नाहीत."

बहुतेक कारखान्यांत गोष्ट इथेच संपते. मेमो निघतो, ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ होते, 'घरी तुमची कोणीतरी वाट पाहत आहे' असा फलक लागतो. मी पट्टीकडे बोट दाखवून ऑपरेटरलाच विचारलं, "मामा, ही कशाला?" मामा मशीन न थांबवताच बोलले, "ब्लँक हलतो. धरला नाही तर भोक सरकतं. मग रिजेक्शन आमच्या नावावर."

ब्लँक म्हणजे डायमध्ये ठेवायचा पत्र्याचा कोरा तुकडा. तो का हलतो? त्याला जागेवर धरणारी डायमधली लोकेटर पिन झिजली होती. का बदलली नाही? कारण डाय दुरुस्तीला टूलरूममध्ये पाठवायचा तो रिजेक्शन वाढलं की, अशी तिथली पद्धत. मग रिजेक्शन का वाढलं नाही? कारण मामा ब्लँक हाताने दाबून धरत होते. पिनेचं काम त्यांचं बोट करत होतं, म्हणून पिन झिजल्याचा पत्ताच कोणाला लागत नव्हता. क्वालिटीचा कागद स्वच्छ, आणि त्या स्वच्छ कागदाची किंमत म्हणून एक बोट रोज हजारो वेळा डायखाली जात होतं.

'असं का' हे पुन्हा पुन्हा, साधारण पाच वेळा विचारायची ही रीत टोयोटाची. ज्या कार्यपद्धतीचा ती भाग आहे तिला जग आज 'लीन' म्हणतं. जॉन क्राफचिक या अमेरिकन संशोधकाने १९८८ साली एका लेखात तो शब्द वापरला आणि तो चिकटला. आपल्याकडे लीन म्हटलं की विठ्ठलचरणी लीन झालेला वारकरी आठवतो. इथला अर्थ सडपातळ, चरबी झडलेला. कमी साठा, कमी वाट पाहणं, कमी दुरुस्ती, कमी धावपळ. तैइची ओनो या टोयोटाच्या अभियंत्याने वाया जाणाऱ्या कामाचे सात प्रकार मोजले आणि त्यांना 'मुदा' म्हटलं. नव्या माणसाला तो जमिनीवर खडूचं वर्तुळ काढून त्यात उभा करायचा आणि सांगायचा, इथून हलू नकोस, नुसतं बघ. मामांच्या प्रेससमोर मी अर्धा तास तसाच उभा राहिलो. न विचारताही बरंच दिसलं असतं.

या पद्धतीचं मूळ मोटारीत नाही, मागात आहे. टोयोटा उद्योगसमूहाचा संस्थापक साकिची टोयोडा हा सुताराचा मुलगा. त्याने १९२४ साली जो स्वयंचलित माग पुरा केला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. इचलकरंजी-मालेगावात ज्यांनी माग पाहिलेत त्यांना यातली गंमत चटकन कळेल. तुटक्या धाग्यावर माग चालत राहिला तर कापडाचे वार-दोन वार खराब होतात, म्हणून माणसाला सुतावर डोळे लावून राहावं लागतं. माग स्वतःच थांबू लागला तसा एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. जपानी लोक या कल्पनेला 'जिदोका' म्हणतात. बिघडलं की यंत्राने थांबायचं, माणसाने यंत्राच्या पोटात हात घालून चालू ठेवायचं नाही. कापड वाचवण्यासाठी काढलेली युक्ती होती, पण वाक्य पुन्हा वाचा, ते बोटांनाही तंतोतंत लागू पडतं.

प्रेसवर 'थांबणं' म्हणजे काय, हे जरा जवळून पाहायला हवं. प्रेसच्या बाजूला एक जड चाक, फ्लायव्हील, सतत फिरत असतं. क्लच जोडला की त्याची ताकद रॅमला मिळते. जुन्या, किल्लीच्या क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पेडल दाबलं की रॅम पूर्ण फेरा मारूनच थांबतो. मध्ये काहीही झालं, कोणी किंचाळलं, तरी तो थांबूच शकत नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकच्या प्रेसवर रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद. धोका दिसून हात हलायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. उरलेल्या पाव सेकंदात हात बाहेर यायला हवा, आणि तोही आठ तासांच्या शिफ्टमध्ये प्रत्येक स्ट्रोकला. 'लक्ष देऊन काम करा' हा सल्ला शरीरशास्त्राला मान्य नाही.

नव्या प्रेसमध्ये हवेवर चालणारा क्लच आणि ब्रेक असतो, तो रॅमला मधेच थांबवू शकतो. अशा प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा बसवतात. किरण तुटले की ब्रेक लागतो. पडदा डायपासून किती दूर हवा, याचा हिशोब शाळकरी आहे. सुरक्षेच्या मानकांत हाताचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरतात. थांबायला ०.३ सेकंद लागत असतील तर ०.३ गुणिले १६०, म्हणजे ४८ सेंटिमीटर, वर पडद्याच्या बारकाव्यानुसार थोडी भर. आता ब्रेकची लायनिंग झिजली आणि थांबायला ०.४ सेकंद लागू लागले. अंतर हवं ६४. पडदा मात्र आहे तिथेच. दिवा हिरवा, स्टिकर चकाचक, ऑडिटला सगळं ठीक, आणि हात पडद्यातून आत शिरून डायपर्यंत रॅमच्या आधी पोचतो. ब्रेकची देखभाल हे मेंटेनन्सचं काम आणि पडदा हे सेफ्टीचं, अशी दोन खाती केली की ही झीज दोन्हींच्या मधल्या फटीत हरवते. आणि किल्लीच्या क्लचच्या प्रेसला पडदा लावणं ही तर निव्वळ शोभा. तिथे बोट शिरणार नाही अशी जाळी, ब्लँक आत ढकलणारी सरकती ट्रे किंवा चिमटा, हेच खरे उपाय. धोकादायक भाग झाका, हे १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम सांगायचंच. जाळी असतेही. ती बहुतेकदा प्रेसच्या मागे भिंतीला टेकून ठेवलेली असते, कारण ती लावली की अडकलेला जॉब, म्हणजे ठोकलेला भाग, काढता येत नाही. म्हणजे जॉब अडकतो का, हा मूळ प्रश्न.

चूक होऊच नये अशी रचना करायच्या विद्येला 'पोका-योके' म्हणतात. शिगेओ शिंगो हा जपानी अभियंता १९६१ साली यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेला होता. तिथे एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत, आणि कधी कधी एक विसरली जायची. मालक कामगारांना रागवायचा, थोडे दिवस नीट चालायचं, पुन्हा तेच. शिंगोने फक्त एक बशी आणली. आधी दोन स्प्रिंगा बशीत घ्यायच्या, मग जोडणी. बशीत एक उरली की चूक डोळ्यांपुढे. पहिल्यांदा या पद्धतीचं नाव 'बाका-योके' होतं, 'मूर्खापासून बचाव' अशा अर्थाचं. १९६३ साली दुसऱ्या एका कारखान्यात एका कामगार बाईला ते नाव लागलं, 'मी काय मूर्ख आहे?' असं म्हणत ती दुखावली, आणि शिंगोने नाव बदलून 'पोका' केलं, म्हणजे अनवधानाने झालेली चूक. मला हा नामबदल बशीइतकाच मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या किती अपघात-अहवालांत कारणाच्या रकान्यात अजून 'बाका'च लिहिलेलं असतं, फक्त 'कामगाराचा निष्काळजीपणा' अशा मराठीत.

मामांच्या बटणांनाही असाच उपाय आहे. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली पाहिजेत आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सुटली पाहिजेत, तरच पुढचा स्ट्रोक, असं नियंत्रणाचं पॅनेल बसवलं की एक बांधून ठेवणं निरुपयोगी होतं. त्या प्रेसचं पॅनेल जुनं होतं. पण नुसतं पॅनेल बदलून ब्लँक हलायचा थांबला नसता, आणि हलणाऱ्या ब्लँकवर मामांनी दुसरी काही शक्कल काढलीच असती. आधी पिन, मग पॅनेल, हा क्रम महत्त्वाचा.

प्रेस शॉपमधली दुसरी वाईट वेळ म्हणजे डाय बदलणं. शिंगोची याबाबतची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५० साली हिरोशिमाला मोटारीच्या कारखान्यात ८०० टनी प्रेसचा डाय बदलताना एक बोल्ट सापडेना, आणि तो शोधत एक कामगार तासाभराहून जास्त वेळ पळत राहिला. त्यातून शिंगोला सुचलं की प्रेस बंद असतानाच करायची कामं वेगळी काढा, बाकी सगळी आधीच उरकून ठेवा. १९६९ साली टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय बदलायला चार तास लागत, ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आले. मॅनेजमेंटच्या वर्गात ही गोष्ट वेळेसाठी सांगतात. मी ती हातांसाठी सांगतो. चार तास चालणाऱ्या बदलात सेटर, म्हणजे डाय बसवणारा, कितीदा रॅमखाली वाकतो, कितीदा पॅकिंगसाठी सापडेल ती पट्टी घालतो, कितीदा 'एवढ्यासाठी कशाला' म्हणून रॅम अडवून धरणारा सेफ्टी ब्लॉक न लावता हात घालतो, हे मोजून बघा. बोल्ट जागच्या जागी असले आणि डायची उंची सारखी केलेली असली की ते वाकणंच उरत नाही.

तरी लीन म्हणजे सुरक्षा, असं समीकरण मांडायला मी तयार नाही. कॅलिफोर्नियात फ्रेमाँटला टोयोटा आणि जनरल मोटर्सचा भागीदारीतला कारखाना होता, नुम्मी नावाचा. लीनचा आदर्श म्हणून लोक तो पाहायला जात. १९९३ मध्ये नवं मॉडेल आणताना कामगारांच्या शरीरावर येणाऱ्या ताणाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, म्हणून त्याच कारखान्यावर राज्याच्या सुरक्षा खात्याने ठपका ठेवला. सेकंद सेकंद वाचवताना मधला श्वासही 'मुदा' म्हणून कापला गेला, की बोटं शाबूत राहतात आणि खांदे जातात. आपल्याकडे प्रकार आणखी स्वस्तात होतो. 'फाइव्ह एस' या नीटनेटकेपणाच्या पद्धतीच्या नावाखाली पिवळे पट्टे मारायचे, आधीचा आणि नंतरचा फोटो काढायचा, आणि टार्गेट वाढवायचं. पट्ट्यांच्या आत तेल सांडलेलं असतंच.

उलट उदाहरणही आहे. १९८७ साली पॉल ओनील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचा प्रमुख झाला आणि गुंतवणूकदारांपुढे पहिल्याच भाषणात नफा सोडून कामगारांच्या इजांवर बोलला. ऐकणारे चक्रावले. कोणालाही इजा झाली की विभागप्रमुखाने २४ तासांत थेट ओनीलला कळवायचं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. पण २४ तासांत कारण सांगायचं तर प्रक्रिया आधीच नीट माहीत हवी, आणि ती माहीत असायची मशीनवरच्या माणसाला. खालची बातमी वर जायला वाटच नव्हती, ती करावी लागली. १०० कामगारांमागे कामाचा दिवस बुडवणाऱ्या इजांचं प्रमाण त्याच्या कारकिर्दीत १.८६ वरून ०.२ वर आलं, आणि नफाही वाढला.

बातमीच्या वाटेचं म्हणाल तर भोसरीच्या त्या शॉपमध्येही गेटजवळ एक फलक होता, 'अपघाताविना दिवस', आणि त्यावर तीन आकडी संख्या. संख्या टिकली की सगळ्यांना बोनस. शेजारी 'थोडक्यात वाचलो' अशा चिठ्ठ्या टाकायची पेटी, अर्थात रिकामी. बोनस जाईल म्हणून बोट कापलेला माणूसही रुमाल गुंडाळून घरी गेला असता, चिठ्ठी कोण लिहितो? मालक समंजस होते. पिन त्याच आठवड्यात बदलली, डायला ब्लँक टेकायला कडा केली, पॅनेल महिन्याभराने आलं. फलकाचा बोनस मात्र लगेच काढला आणि तेवढेच पैसे चिठ्ठीवरून केलेल्या दुरुस्त्यांवर लावले.

दहा-बारा दिवस पेटीत काही नव्हतं. मग एक चिठ्ठी निघाली, चहाच्या पुड्याच्या कागदावर, नाव न घालता लिहिलेली: 'सात नंबरपाशी तेल गळतं. पाय सरकला, हात रॅमखाली गेला असता. आधी दोनदा सांगितलंय.'