ऐरोलीचं गेट पुण्यातून का दिसत नाही?

ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत कॅमेरे बसले. सेक्रेटरींची अट एकच, लेकीकडे पुण्याला गेलो तरी गेट मोबाइलवर दिसलं पाहिजे. सोसायटीच्या वायफायवर दिसायचं. पुण्यात नुसतं चक्र फिरायचं.

डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पत्ता होता १९२.१६८.१.५०. हा खासगी पत्ता, आतल्या नेटवर्कपुरताच चालणारा. वाशी-कोपरखैरण्यातल्या कितीतरी घरांत नेमका हाच सापडेल, जसा बिल्डिंगगणिक '३०२' असतो. अशी काटकसर करावी लागते, कारण ३२ बिटांचे आयपी पत्ते जेमतेम ४२९ कोटी. वाटपाचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला.

म्हणून गेटवे, म्हणजे सोसायटीला इंटरनेटशी जोडणारा राउटर, 'नॅट' (पत्त्यांची अदलाबदल) करतो. आतून निघालेल्या पॅकेटवरचा (डेटाच्या पुडक्यावरचा) खासगी पत्ता खोडून तो स्वतःचा पब्लिक पत्ता घालतो, एक पोर्ट नंबर देतो आणि वहीत नोंद ठेवतो. उत्तर त्या पोर्टवर आलं की वही बघून आत पोचवतो. असे पोर्ट ६५ हजारांहून जास्त असल्यामुळे एका पत्त्यावर अख्खी सोसायटी निभावते. पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर वहीत नोंदच नसते आणि पॅकेट टाकून दिलं जातं. त्यासाठी हाताने कायमची नोंद करायची, म्हणजेच पोर्ट फॉरवर्डिंग.

ते केलं, तरी चक्र फिरतंच. मग राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला: १००.७२ ने सुरू होणारा! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट पुरवठादारांच्या स्वतःच्या नॅटसाठी राखून ठेवला गेला. थोडक्यात, आमच्या वहीबाहेर आणखी एक वही होती आणि तिला हात लावायची सोय नव्हती.

शेवटी पैसे मोजून आठ पब्लिक पत्त्यांचा गट घेतला. हातात पाचच येतात! पहिला नेटवर्कच्या नावाने, शेवटचा ब्रॉडकास्टला (सगळ्यांना एकदम निरोप धाडायला) आणि एक पुरवठादाराच्या यंत्राला जातो. पाचातला एक गेटवेला, एक डीव्हीआरला 'एकास एक' बांधला. फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या पहाऱ्यात, लागणारं पोर्टच उघडलं. डीव्हीआरचा पासवर्ड अजून कारखान्यातलाच होता, तो आधी बदलला. नॅटला कुलूप समजणारे बरेच भेटतात, पण ते कुलूप नव्हे.

पुण्यात गेट दिसलं. आणि ऐरोलीत, वायफायवर, त्याच पब्लिक पत्त्याने दिसेना!

मोबाइलचं पॅकेट गेटवेकडे जायचं, तो ते डीव्हीआरकडे वळवायचा. डीव्हीआर बघायचा की विचारणारा आपल्याच नेटवर्कमधला, मग गेटवेला वळसा घालून थेट उत्तर द्यायचा. मोबाइलने विचारलेलं पब्लिक पत्त्याला, उत्तर आलं १९२.१६८.१.५० कडून. अनोळखी म्हणून ते फेकून दिलं जायचं. यावर उपाय हेअरपिन नॅट: आतल्याआतच्या या फेरीत गेटवे पाठवणाऱ्याच्या जागीही स्वतःचा पत्ता घालतो, म्हणजे उत्तर त्याच्याच हातून परततं. दोन ओळींची सेटिंग, आमचा रविवार गेला.