शुक्रवारी सकाळचा वास

भोसरीत कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्याच्या जुन्या व्यवस्थेतून हा वार इकडे आला आणि अंगवळणी पडला. त्यामुळे इतर ठिकाणच्या मशीन शॉपमध्ये जो वास सोमवारी येतो, तो आमच्याकडे शुक्रवारी यायचा. सकाळच्या पाळीला शटर वर करायचं, पहिल्या सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचा, कुलंट पंप चालू करायचा, की दोन मिनिटांत सडक्या अंड्यांचा वास शेडभर. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामाच म्हणत, नाकाला रुमाल लावून केबिनच्या दारात उभे राहायचे. "साहेब, दूध नासलंय."

कुलंट म्हणजे धातू कापताना टूलवर सोडतात ते तेल-पाण्याचं मिश्रण. त्याला शॉपमध्ये दूध म्हणतात ते रंगावरून. पण मामांचं निदान त्यांना वाटत होतं त्याहून जास्त बरोबर होतं.

दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले चरबीचे बारीक थेंब. सोल्युबल ऑईलचं कुलंट म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. दोन्ही पांढरी दिसतात, कारण हे थेंब प्रकाश सगळ्या दिशांना उधळतात. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, म्हणून मध्ये मध्यस्थ लागतो, त्याला इमल्सिफायर म्हणतात. त्याच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं आणि शेपूट तेलात रुततं. साबणाचा रेणूही असाच असतो, आणि बऱ्याच सोल्युबल ऑईलमध्ये हा मध्यस्थ साबणाच्याच भाऊबंदांपैकी असतो. नासण्याची निम्मी गोष्ट या भाऊबंदकीतच आहे.

शंभर लिटर कुलंटमध्ये तेल साधारण पाच ते आठ लिटर. बाकी सगळं पाणी. टूल, म्हणजे कापणारं हत्यार, आणि जॉब, म्हणजे कापला जाणारा भाग, यांच्यातलं घर्षण कमी करणं आणि गंज रोखणं हे तेलाचं काम, उष्णता वाहून नेणं पाण्याचं. तेवढ्याच वजनाच्या तेलापेक्षा पाणी जवळजवळ दुप्पट उष्णता पोटात घेतं. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १९०६ साली आपले धातू कापण्याचे प्रयोग मांडले, त्यात पोलाद कापताना नेमक्या जागी पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो, असं दाखवलं होतं. त्याच्या पाण्यात तेलाचा थेंब नव्हता. लोखंड गंजू नये म्हणून त्यात धुण्याचा सोडा घातलेला असे, एवढंच.

आम्ही मात्र खरेदी करताना सगळा जीव तेलात घालतो. बॅरलचा भाव, ब्रँड, डिस्काउंट, उधारीचे दिवस. पाणी कुठलं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

एका एप्रिलमध्ये नळाचं पाणी कमी झालं आणि आम्ही टँकर सुरू केला. टँकर बोअरचा. तीन आठवड्यांत टाकीच्या कडेला राखाडी, चिकट साका धरला, पंपाच्या जाळीत तोच अडकला, आणि कास्ट आयर्नच्या जॉबवर रात्रीत तांबूस डाग पडायला लागले. ग्राहकाकडून पन्नास जॉब परत आले. तेलवाल्याला मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या कंपनीचं महाग तेल आणलं. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तोच साका. तेव्हा त्या दुसऱ्या कंपनीचा एक पोरगेलासा तंत्रज्ञ आला. टाकीत डोकावण्याआधी त्याने विचारलं, "पाणी कुठलं वापरता?"

बॅगेतून त्याने प्लॅस्टिकची छोटी बाटली काढली, टँकरचं पाणी खुणेपर्यंत भरलं, चिमूटभर पावडर टाकली. पाणी कोकम सरबतासारखं लाल झालं. मग दुसऱ्या कुपीतून एकेक थेंब टाकायचा, बाटली हलवायची, पुढचा थेंब. दहा झाले, रंग तोच. पंधराव्याला किंचित जांभळी झाक आली. अठराव्या थेंबाला पाणी एकदम निळंशार झालं. त्याच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम क्षार, म्हणजे आमच्या पाण्याचा जडपणा ४५० होता. मग त्याने नळाचं पाणी घेतलं. तिसऱ्या थेंबालाच निळं.

जडपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे नुसता जडपणा पाहिला तर जे पाणी माणसांना कसंबसं चाललं असतं, ते मशीनने नाकारलं. याचं कारण कॅल्शियमच्या स्वभावात आहे. त्याला दोन हात असतात असं समजा. साबणाचा रेणू दिसला की दोन हातांनी दोन रेणू धरतो आणि त्यांना घेऊन तळाला तरी बसतो किंवा वर तरी तरंगतो. बोअरच्या पाण्याने अंघोळ करणाऱ्यांच्या बादलीला जो राखाडी थर धरतो तो हाच. टाकीत तेच झालं. मध्यस्थच पळवून नेल्यावर तेलाचे थेंब एकमेकांना मिळाले, मोठे झाले, वर आले. खाली उरलं खारट पाणी, आणि आम्ही ते उघड्या लोखंडावर फवारत होतो.

नळाचं पाणी इतकं मऊ आणि बोअरचं इतकं जड का? दोन्ही एकाच काळ्या पाषाणाच्या प्रदेशातली. पवनेचं पाणी मावळात कोसळतं, घाटाच्या उतारावरून धावत येऊन धरणात साठतं. दगडाशी बोलायला त्याला वेळच मिळत नाही. बोअरचं पाणी मात्र बेसॉल्टच्या भेगांत वर्षानुवर्षं मुक्काम करतं. पावसाच्या पाण्यात हवेतला, आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल झालेलं असतं. बेसॉल्टच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. हळूहळू ते पाण्यात उतरतात. याच दगडाच्या पोकळ्यांत, वाघोलीच्या खाणींत, स्टिल्बाइटसारखी झिओलाइट खनिजं सापडतात आणि जगभरचे संग्राहक ती विकत घेतात. पाणी मऊ करण्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत झिओलाइटच वापरत, कारण हे खनिज कॅल्शियम स्वतःकडे ठेवून बदल्यात सोडियम सोडतं. पुण्याच्या खडकात रोग आणि औषध शेजारी-शेजारी आहेत, फक्त एकमेकांच्या कामी येत नाहीत.

पण पहिल्या दिवशी ४५० असलेलं पाणी महिन्याने ४५० राहत नाही, आणि हे मला त्या तंत्रज्ञाने सांगेपर्यंत सुचलंही नव्हतं. आमटी आटली की खारट होते. आपण पाणी घालून ती सारखी करतो. आता समजा घालायचं पाणीही खारटच असेल तर? दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला दहा लिटर पाणी उडून जातं असं धरू. वाफ जाते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागे राहतात. वीस दिवसांत आपण दोनशे लिटर नवीन पाणी ओततो, त्याच्याबरोबर ९० ग्रॅम क्षार. टाकीतलं पाणी तेवढंच, जडपणा ४५० वरून ९००. थोडं कुलंट चिप्सना, म्हणजे कापून निघालेल्या धातूच्या किसाला, आणि जॉबना चिकटून बाहेर जातं, थोडे क्षार साक्यात अडकतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा खाली राहतो, पण दिशा तीच. नळाच्या ७५ च्या पाण्याने तोच हिशेब केला तर वीस दिवसांनी १५०. तिथे इमल्शनला, म्हणजे तेल-पाण्याच्या त्या दुधाला, काही होत नाही.

इथे बरेच जण पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवतात आणि निर्धास्त होतात. सॉफ्टनरने साका थांबतो, कारण कॅल्शियम जातं. पण त्याच्या जागी सोडियम येतं, आणि क्लोराइड, सल्फेट जिथल्या तिथे राहतात. क्लोराइड साठलं की गंज. तेव्हा रोजच्या भरीला आरओचं पाणी बरं. मात्र नवीन टाकी पूर्ण आरओवर भरू नये. अगदीच मऊ पाण्यात साबणाला फेस फार येतो, आणि पंपाच्या तोंडी फेस आला की टूलवर धारेऐवजी हवा जाते. पहिली भरणी नळाची, पुढची भर आरओची, हे आम्हाला मानवलं.

आता वास. गंज आणि साक्याचा उलगडा झाला तरी शुक्रवारची सकाळ सुधारली नव्हती, कारण तिथे पाण्याबरोबर आणखी एक पाहुणा होता.

मशीनच्या स्लाइडवर, म्हणजे सरकत्या भागांवर, जे अडुसष्ट नंबरचं ऑईल जातं, ते दिवसभर थेंबथेंब गळून कुलंटमध्ये येतं. ते पाण्यात मिसळत नाही, वर पसरतं. दुधावर साय धरावी तशी तपकिरी साय. पंप चालू असतो तोवर कुलंट घुसळलं जातं, त्यात हवा मिसळत राहते. बुधवारी रात्री पंप बंद झाला की साय सगळीकडे जुळते आणि झाकण बसतं. खालचे हवेवर जगणारे जिवाणू उरलेला ऑक्सिजन काही तासांत संपवतात. मग पाळी येते ऑक्सिजन नकोच असलेल्यांची. डिसल्फोव्हिब्रिओ हा त्यांतला प्रसिद्ध. आपण श्वासाला ऑक्सिजन वापरतो, तो सल्फेट वापरतो, आणि उच्छ्वासात हायड्रोजन सल्फाइड सोडतो. सल्फेट कुठून आलं? पुन्हा त्याच बोअरच्या पाण्यातून, रोजच्या भरीने साठत गेलेलं. शुक्रवारी पंप चालू झाला की दीड दिवस दाबून ठेवलेला वायू एका दमात बाहेर पडतो. माणसाचं नाक तो अब्जात काही भाग असला तरी ओळखतं. मात्र वायू फार वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून खोल, बंद कुलंट पिटमध्ये सफाईला नुसत्या नाकाच्या भरवशावर माणूस उतरवणं जिवावर बेतू शकतं.

वासावर आमच्याकडे आधी काय उपाय होते? कोणी फिनेल ओतलं. कोणी कापूर टाकला. तंबाखूची पिंक टाकीत टाकणाऱ्यांवर ओरडा झाला, तो रास्तच होता. शेवटी टाकी उपसून नवीन भरली, आणि पंधरा दिवसांत वास परत. मामा म्हणाले, "विरजण राहिलं असणार." याहून नेमकं वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. भांड्याला चिकटलेलं चमचाभर दही नव्या दुधाला पुरतं. टाकीच्या कोपऱ्यात, पाइपच्या आत, चिप कन्व्हेयरखाली बुळबुळीत थर असतो. जिवाणूंनी स्वतःभोवती बांधलेलं ते घर. नवं कुलंट ओतलं की त्यांना ताजं जेवण वाढल्यासारखंच. जवळच पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलीनसाठी बुरशी टाक्यांत मुद्दाम वाढवत, हवा, अन्न, तापमान सगळं सांभाळून. आम्ही त्यातलं काहीही न सांभाळता उत्तम पीक काढत होतो.

मग एका बुधवारी जुन्या कुलंटमध्येच क्लीनर घालून शेवटच्या पाळीला पंप फिरता ठेवला, सगळं उपसलं, कन्व्हेयर बाहेर ओढून खरवडलं, साध्या पाण्याने खळबळून काढलं. मामा त्या दिवशी कोपरापर्यंत काळे झाले होते. तो काळा रंग म्हणजे बहुतेक लोखंडाचं सल्फाइड, त्याच वायूने लोखंडाशी केलेलं लग्न.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे. रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटर. नारायणगावचा द्राक्ष बागायतदार मण्यातली साखर बघतो ते हेच उपकरण. काचेवर एक थेंब ठेवायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून रेषा वाचायची. काट्यावरचे आकडे साखरेसाठी आखलेले असतात, म्हणून आलेल्या आकड्याला तेलाच्या माहितीपत्रकात दिलेल्या गुणकाने गुणायचं. गुणायचं विसरून महिनोन् महिने पातळ कुलंट चालवणारी शॉप मला माहीत आहेत. पातळ कुलंट म्हणजे गंज आणि जिवाणू दोघांनाही आमंत्रण. रेषा ठळक न दिसता धूसर दिसली तर अडुसष्ट नंबर आत मिसळायला लागलाय असं समजायचं. पीएचची पट्टी आठवड्यातून दोनदा, ८.५ ते ९.५ च्या मध्ये. जिवाणू वाढले की आम्लं तयार होतात आणि आकडा घसरतो. वास येण्याआधी तो घसरतो, म्हणून पट्टीला किंमत. वर गेला तर हाताची कातडी तडकते आणि ॲल्युमिनियमच्या जॉबवर डाग पडतात.

हातांचं निघालंच आहे तर फुप्फुसांचंही. वेगाने फिरणाऱ्या टूलवरून कुलंटचं धुकं उडतं, आणि त्यात जे जिवाणू असतील तेही श्वासात जातात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९९८ साली अशा धुक्यातल्या श्वासमार्गात उतरणाऱ्या बारीक तुषारांसाठी घनमीटरला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. मशीनचं दार उघडं ठेवून काम करणाऱ्याला हा आकडा सांगून उपयोग नाही, दार लावायला लावणं सोपं.

साय काढायला छोटा डिस्क स्किमर घेतला. आणि मासे पाळणारे वापरतात तो हवेचा पंप, स्वस्तातला, बुधवारी रात्री टाकीत नळी सोडून चालू करतो. गुरुवारी वीज गेली तर तोही बंद, म्हणून इन्व्हर्टरवर. मालकांना हे हास्यास्पद वाटलं होतं. पहिला शुक्रवार बिनवासाचा गेल्यावर त्यांनी शेजारच्या दोन मशीनसाठी स्वतः पंप आणले.

बाद झालेलं कुलंट कुठे जातं, हा प्रश्न मात्र शेडबाहेरचा. २०१६ च्या नियमांनुसार तेलयुक्त कचरा घातक कचऱ्यात मोडतो आणि तो अधिकृत प्रक्रियेकडेच जायला हवा. रांजणगावला त्यासाठी सामाईक केंद्र आहे. तरी रात्री नाल्यात पांढरं पाणी सोडणारे आहेतच. ते पाणी अखेर पवनेत किंवा इंद्रायणीत जातं. ज्या नदीचं मऊ पाणी आपण टाकीत भरतो, तिलाच ते परत मिळतं.

त्या तंत्रज्ञाकडून मी थेंबांचं एक किट विकत घेतलं. टँकर आला की बाटली मामाच हलवतात आणि आकडा फळ्यावर खडूने लिहितात. मे अखेरीस टँकरचे थेंब वीसवर गेले होते. जुलैत, चांगले दोन पाऊस झाल्यावर, त्याच बोअरच्या पाण्याला तेरा लागले. मामांनी खात्री करायला पुन्हा मोजले. तेराच.